साठ ग्रॅमचा खलनायक

चोराला चोर म्हणणं हा हल्ली घर मोडणारा प्रकार झाला आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो. विश्वास बसत नसेल तर एखाद्या संध्याकाळी, मालिका ऐन रंगात आलेली असताना, आमच्या बाहेरच्या खोलीत उभं राहून मोठ्याने म्हणून बघा, की हा माणूस चोर आहे. तीन बायका एकदम मान वळवून तुमच्याकडे बघतील. एक माझी आई, एक माझी बायको आणि एक माझी कॉलेजात जाणारी मुलगी. एरवी पंखा किती वेगाने फिरावा यावरही या तिघींचं एकमत होत नाही.

चोर कोण, तर आप्पा. आप्पा हा त्या मालिकेचा नायक. बनावट औषधं विकतो. रंगीत पाण्याचं खोकल्याचं औषध, खडूच्या भुकटीच्या तापाच्या गोळ्या, असा त्याचा धंदा. मध्ये कोणी आडवा आलाच तर त्याला गाडीखाली घालतो आणि तिन्हीसांजेला घरी जाऊन आईच्या उशाशी बसून तिला चमच्याने औषध पाजतो. खरं औषध! स्वतःच्या आईसाठी तो दुसऱ्या कंपनीचं विकत आणतो. हे दृश्य आलं की माझी आई डोळ्याला पदर लावते आणि म्हणते, "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं." हे ती माझ्यासमोर म्हणते. मी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षं आणतो आहे, दर वेळी तारीख बघून. पण मी अद्याप कोणाला गाडीखाली घातलेलं नसल्यामुळे त्या गोळ्यांना काही किंमत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. गप्प बसणं हा माझा जुना छंद आहे. पण आप्पाच्या मागे मालिकेत एक औषध निरीक्षक लागलेला आहे. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा, हातात जेवणाचा डबा घेऊन फिरणारा. लाच खात नाही, खोटं बोलत नाही, कामाच्या वेळेत चहालासुद्धा उठत नाही. आणि हा माणूस मालिकेतला खलनायक आहे! तो पडद्यावर आला की मागे ढोल बडवतात. आमच्या घरात त्याला 'चष्मा' म्हणतात. "आला मेला चष्मा," असं आई म्हणते. "याला जगात दुसरं काम नाही का?" असं बायको म्हणते. परवा तो जिन्यावरून घसरून पडला तर तिघींनी टाळ्या वाजवल्या.

आता माझ्याबद्दल थोडं. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानांतले काटे बरोबर आहेत की नाहीत हे तपासायचं माझं काम. मी बारीक अंगाचा आहे. चष्मा लावतो. डबा नेतो. आता सांगा, मी त्या टाळ्या कशा ऐकायच्या?

एके दिवशी मी कामावरून आलो, दाराशी बूट काढत होतो, तेवढ्यात मुलीने आतून तोंडाने तो ढोल वाजवला. त्या निरीक्षकाच्या प्रवेशाचा! बायको हसली. आई तर म्हणाली, "हुबेहूब!" मी बूट हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. त्याच क्षणी मी ठरवलं, की या घराच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, चोराला 'चोर' हा शब्द वदवून घ्यायचा. मोठी अपेक्षा नव्हती. मला सत्कार नको होता, शाल नको होती. दोन अक्षरांचा एक शब्द हवा होता.

वाद घालून बघितला. तो मी हरलो. "आप्पा वाईट आहे हे कळतं हो आम्हाला," बायको म्हणाली, "पण त्याचं मन बघा ना." मन! एवढ्या वर्षांत माझं मन बघायला कोणी चष्मा पुसलेला नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या गुरुजींकडे गेलो. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कॉपी करणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर छडीने फोडलं. म्हटलं, निदान इथे तरी न्याय मिळेल. गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "पाप आणि पुण्य यांच्या मधल्या धूसर जागेत आप्पा उभा आहे." मी विचारलं, मग ती कॉपीवाली पोरं कुठे उभी होती? गुरुजी म्हणाले, "त्यांना पार्श्वसंगीत नव्हतं." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला हसताही आलं नाही.

तेव्हा मला एक विचार सुचला आणि तिथेच माझ्या विपत्तीची सुरुवात झाली. म्हटलं, पडद्यावरचा चोर यांना गोड वाटतो, कारण तो दुसऱ्यांना लुटतो. खुद्द यांना लुटणारा चोर दाखवला, की डोळे उघडतील. आणि असा चोर शोधायला लांब जायला नको होतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर किराणा दुकान आहे. त्या दुकानदाराच्या काट्यावर माझा जुना संशय होता. काट्याच्या बाजूला शिशाचं सील असावं लागतं, ते तिथे नव्हतं. त्या जागी च्युइंगगम होतं.

हा भाग माझ्या हद्दीत येत नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते मला बऱ्याच लोकांनी बऱ्याच वेळा सांगितलं. हद्द ज्याची तो आमचा सहकारी लांबलचक रजेवर होता. मी अर्धा दिवस रजा टाकली, पितळी वजनांची पेटी घेतली आणि दुपारी, दुकानात चांगली गर्दी असताना, पेटी उघडून एक किलोचं वजन काट्यावर ठेवलं.

काट्याने आकडा दाखवला, एक किलो साठ ग्रॅम.

"बघा!" मी गर्दीकडे वळून म्हणालो. गर्दीत गुरुजी होते, आमच्याच इमारतीतला विमा एजंट होता, आणि पिशवी घेऊन माझी बायकोही उभी होती. "दर किलोमागे साठ ग्रॅम हा माणूस तुमच्या घरातून काढून घेतो. कित्येक वर्षं!"

मी थांबलो. संतापाची लाट येईल म्हणून थांबलो. कोणीतरी खोकलं. विमा एजंट म्हणाला, "साठ ग्रॅम म्हणजे तसं काहीच नाही म्हणा." गुरुजी म्हणाले, "चिमूटभर." आणि दुकानदार? दुकानदाराने आमची मालिका पाहिलेली होती. तो काउंटरवर हळूच बसला, दोन्ही हात कपाळाला लावले आणि म्हणाला, "साहेब, मी लहान होतो तेव्हा माझ्या आईने लोकांची भांडी घासली."

मी म्हटलं, "त्याचा काट्याशी काय संबंध?"

झालं! सगळी गर्दी माझ्याकडे अशी वळली, जणू ती भांडी मीच तिला घासायला लावली होती. "असं बोलू नये हो," विमा एजंट म्हणाला. गुरुजींनी दुकानदाराच्या पाठीवर हात ठेवला. एक बाई नाक ओढायला लागल्या. माझ्या सख्ख्या बायकोने माझा शर्ट मागून ओढला आणि कुजबुजली, "पुरे झालं. किती छळाल त्याला?" म्हणजे साठ ग्रॅम हिचे गेले, आणि छळणारा मी!

रागाच्या भरात मी काटा उचलला. जप्त केला, म्हणा. तो काखेत मारून मी तडक कार्यालयात गेलो, की वस्तू भांडारात जमा करावी, शिक्का घ्यावा, आणि मग बघू करुणा कोणाची मोठी ते. भांडाराला कुलूप. भांडारपाल लवकर घरी गेला होता. का? तर त्या संध्याकाळी आप्पाच्या आईचं ऑपरेशन होतं! शिपायाने हे मला इतक्या जड आवाजात सांगितलं, की क्षणभर मलाच वाटलं, भेटायला जायला हवं की काय. काटा कार्यालयाच्या व्हरांड्यात ठेवता येईना, टेबलावर ठेवावा तर टेबलाला कुलूप नाही. शेवटी मी तो घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. हीच माझी चूक. कायद्याच्या भाषेत या चुकीचं नाव फार वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पोलिसांत तक्रार दिली, की माझा काटा चोरीला गेला. तक्रार गुरुजींनी लिहून दिली होती. अक्षर सुंदर होतं, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. तिच्यात माझा उल्लेख 'सदर इसम' असा होता.

मला साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या हद्दीत गेलात. रजेवर असताना गेलात. पावती न देता वस्तू उचललीत, आणि घरी नेलीत. आता मला सांगा, याला काय म्हणतात?"

"जप्ती," मी म्हणालो.

"आणि हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर?"

मी चष्मा पुसायला घेतला. साहेबांचा सूर मग मऊ झाला. "तुमचा प्रॉब्लेम काय आहे सांगू? तुम्ही त्या मालिकेतल्या चष्म्यासारखं वागता. माणसाने थोडं समजून घ्यावं." मग त्यांनी निकाल दिला. शनिवारी संध्याकाळी दुकानात जायचं, चार लोकांसमोर काटा परत करायचा, दिलगिरी व्यक्त करायची. दुकानदार तक्रार मागे घेईल. नाही केलं तर चौकशी लागेल आणि चौकशी संपेपर्यंत घरी बसायचं. दिलगिरी! ज्याने साठ ग्रॅम मारले त्याची, ज्याने ते पकडले त्याने! हे ऐकून माझी कानशिलं तापली, पण घरी बसायचं म्हणजे रोज संध्याकाळी त्या खोलीत बसायचं, या विचाराने मी मान डोलावली.

संध्याकाळी पोलीस शिपाई घरी आला. पंचनाम्यासाठी. "मुद्देमाल कुठे आहे?" त्याने विचारलं. मी ओट्याकडे बोट दाखवलं. त्याने काटा चारही बाजूंनी बघितला, च्युइंगगमला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "शनिवारपर्यंत जागेवरून हलवायचा नाही. मुद्देमाल आहे." तेवढ्यात बाहेर मालिकेचं शीर्षकगीत लागलं. शिपाई म्हणाला, "ऑपरेशनचं काय झालं हो?" आणि आईशेजारी जाऊन बसला. भाग संपेपर्यंत बसला. जाताना मला म्हणाला, "आप्पाच्या केसाला धक्का नको लागायला, एवढंच मागणं आहे देवाकडे." हा पोलीस!

पण खरा चमत्कार तर पुढेच आहे. पोलीस येऊन गेल्यावर घरातलं हवामान एकदम पालटलं. बायकोने चहा आणला, त्याबरोबर बशीत न मागता बिस्किटं होती. ती माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने बघत होती. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत ती असं बघायची. "अहो, भीती नाही वाटली तुम्हाला? सगळ्यांसमोरून सरळ उचललात?" मुलीने ढोल बंद केला आणि मी खोलीत आलो की आप्पाची शीळ वाजवायला लागली. जिन्यात विमा एजंट भेटला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणला. "दिसता साधे, पण आतून भलतेच निघालात राव!" आईने तर भिंतीकडे बघत विचारलं, "का रे, काही अडचण होती का तुला? मला सांगायचंस."

मी ओरडून सांगितलं, "मी चोरला नाही! मी तो जप्त केला! मी निर्दोष आहे!"

तिघींचे चेहरे जे पडले ते बघवेनात. बायकोने बशीतली उरलेली बिस्किटं डब्यात परत टाकली. म्हणजे बघा, एवढी वर्षं मी एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, त्याबद्दल या घराने मला कधी एक बिस्किट जास्त दिलं नव्हतं. आणि एका संध्याकाळच्या खोट्या आळावर माझी केवढी पत वाढली होती! मला राग कोणाचा जास्त यावा तेच कळेना.

तर काटा शनिवारपर्यंत ओट्यावर राहिला आणि आईच्या हाती सापडला.

इथे आमच्या घरातला एक जुना खटला सांगायला हवा. आमच्याकडे साखर महिनाअखेरपर्यंत पुरत नाही. कधीच पुरलेली नाही. आईचा हिशोब पक्का असतो, की एवढी माणसं, एवढे चहा, एवढी साखर. तरीही महिना संपण्याआधी डब्याचा तळ दिसतो. त्यावर आईचा निकाल लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच लागलेला आहे, "हिचा हात सैल." पाहुण्यांसमोर लागला, नातेवाइकांत लागला, एकदा तर बायकोच्या माहेरच्या माणसांसमोरही लागला. "माहेराला जाते वाटतं साखर," असं आई हसत म्हणाली होती. बायको त्या दिवशी हसली नव्हती. तेव्हापासून ती स्वतःच्या चहात साखर घालत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असं लोकांना सांगते. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नाही.

आता आईला ओट्यावर पुरावा मोजायचं यंत्रच मिळालं. तिने दुकानातून आधी आणलेली साखरेची पुडी काट्यावर ठेवली. बरोबर एक किलो! "हे बघ," आई विजयाने म्हणाली, "एक किलो म्हणजे एक किलो. आणि तू त्या बिचाऱ्यावर आळ घेतलास." मी म्हटलं, "अगं आई, त्याच्याच काट्यावर त्याचीच साखर मोजतेस, ती एक किलोच भरणार ना!" आई म्हणाली, "मग? बरोबरच आहे की." या वाक्यापुढे माझं सगळं शिक्षण थकलं. आणि मग बायकोकडे वळून ती म्हणाली, "दुकानातून पूर्ण येते. मग घरात येऊन कुठे जाते?"

 बायको भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली.

शनिवार उजाडला. संध्याकाळी माझी दिलगिरी होती. निघायच्या आधी मी आरशासमोर उभा राहून 'गैरसमजातून घडलेला प्रकार' हे शब्द तोंडात बसवत होतो. ते बसत नव्हते, घशाशी येत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली.

"अहो, जरा इकडे या."

काटा नसल्यामुळे दुकानदार त्या आठवड्यात सुटा माल विकत नव्हता, कंपनीच्या बंद पिशव्याच विकत होता. बायकोने तशी साखरेची पिशवी आणली होती. डब्यात ओतण्याआधी तिने ती सहज काट्यावर ठेवली होती. काटा दाखवत होता, एक किलो पासष्ट ग्रॅम.

"कंपनी जास्त देते का हो?" तिने विचारलं.

"कंपनी?" मी म्हणालो. "कंपनी कोणाला फुकट एक दाणा देत नाही. पिशवीचे पाचएक ग्रॅम धर. आत एक किलो आहे."

"मग वरचे साठ?"

लग्न झाल्यापासून तिने माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पेटी आणली, पितळी वजन काढलं, काट्यावर ठेवलं. एक किलो साठ. मग तिला समजावून सांगितलं, की काटा जास्त दाखवतो, म्हणजे तो एक किलो म्हणतो तेव्हा पुडीत एक किलो नसतो. "ही पिशवी इथे एक किलो पासष्ट भरते, आणि आईची ती पुडी नुसती एक किलो. म्हणजे पुडीत साठ कमीच."

ती पुडीकडे बघत राहिली. मग डब्याकडे. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. मला वाटलं ती रागावेल. पण तिचे डोळे भरून आले आणि ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे माझा हात सैल नव्हता."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. मला माझीच लाज वाटली. घरात काटा ओळखणारा एकटा मी, आणि त्या डब्याचा तळ मी कधी वाकून बघितला नव्हता. पण हे सगळं बोलायला सवड मिळाली नाही, कारण बायकोने डोळे पुसले होते आणि पितळी वजन मुठीत घट्ट धरलं होतं.

"तो काटा उचला," ती म्हणाली. "चला."

"मुद्देमाल आहे. शनिवारपर्यंत हलवायचा नाही, असं शिपाई म्हणाला होता."

"आज शनिवारच आहे. उचला म्हणते ना!"

मी उचलला. जिना उतरताना ती पुढे, मी मागे. मध्येच थांबून ती म्हणाली, "एवढे महिने बघतोय. आप्पाच्या गोळ्या खाऊन जी माणसं मेली, त्यांच्या घरात एकदा तरी नेलं का आपल्याला? एकदा तरी दाखवलं, कोण कोणावर ओरडलं, कोणाच्या माथी काय आलं? त्याची आई तेवढी रोज दाखवतात." मी हे मुद्दे गेले कित्येक महिने मांडत होतो, पण ती वेळ तसं म्हणायची नव्हती.

दुकानात तयारी जय्यत होती. गुरुजींना खुर्ची दिली होती. विमा एजंट होता, पोलीस शिपाई होता. दुकानदार कोपऱ्यात पडेल चेहऱ्याने उभा होता. गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "तर आता दिलगिरीचे दोन शब्द होतील."

"काटा ठेवा इथे," बायको मला म्हणाली. मी ठेवला. तिने त्यावर वजन ठेवलं आणि दुकानदाराला म्हणाली, "वाचा."

दुकानदाराने आकड्याकडे बघितलं नाही. तो काउंटरवर बसला आणि हात कपाळाशी नेले. "वहिनी, मी लहान होतो तेव्हा माझ्या आईने..."

"तुमच्या आईचं नंतर ऐकते," बायको म्हणाली. "माझ्या सासूबाई वर बसल्या आहेत. साखर कुठे जायची ते आधी त्यांना सांगा. चला वर."

"वहिनी, इथेच मिटवू की..."

"वर."

मी या बाईला एवढी वर्षं ओळखतो, पण हा आवाज मला नवा होता. दुकानदार उठला. मागे मी, मग शिपाई, गुरुजी आणि विमा एजंट, अशी वरात वर निघाली. आमच्या बाहेरच्या खोलीत एवढी माणसं बघून आईने मालिकेचा आवाज कमी केला. बंद नाही केला.

"सांगा," बायको म्हणाली.

दुकानदार पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आजी, माझा काटा जरा पुढे होता."

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे माल जरा कमी यायचा. साखर... वहिनींनी नाही संपवली. ती आलेलीच कमी असायची."

 आईने बायकोकडे बघितलं, मग दुकानदाराकडे. तिच्या मनात बरंच काही मागे-पुढे झालं असावं. शेवटी तिने विचारलं, "आणि चहापावडर?"

"तीही, आजी."

"तांदूळ?"

"तोही कमीच यायचा."

आईचा चेहरा कसनुसा झाला. एवढ्या वर्षांचा निकाल फिरवणं या वयात सोपं नाही, हे मला दिसत होतं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता सुनेला काहीतरी म्हणेल. पण नेमक्या त्याच वेळी दुकानदाराने खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. झालं! आईच्या सगळ्या चेहऱ्यावर माया पसरली.

"बघ रे," आई मला म्हणाली, "कसं कबूल केलं! असं कबूल करायला काळीज लागतं. बस बाबा, उभा नको राहूस." आणि तिने त्याला माझ्या खुर्चीत बसवलं! कामावरून आल्यावर मी बसतो, त्या खुर्चीत. गुरुजी म्हणाले, "पश्चात्तापाहून मोठं प्रायश्चित्त नाही." विमा एजंटाने मान डोलावली. शिपाई तर म्हणाला, "तक्रार मागे घेतलीत की मिटलं, मोठ्या मनाचे आहात." काट्याच्या मालकाच्या मोठ्या मनाचं कौतुक होत होतं, आणि ज्याचा काटा पकडला गेला तोच तो मालक होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 

"अगं," आई बायकोला म्हणाली, "चहा टाक त्याच्यासाठी. बिचारा घाबरलाय. साखर जरा जास्तच घाल."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात अजून ते पितळी वजन होतं. ती ओरडली नाही. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"आई, या घरातली साखर चोराला मिळणार नाही."

चोराला. ती चोराला म्हणाली! सगळ्यांसमोर, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता. आईने टीव्ही बंद केला. मुलगी आतल्या खोलीतून दारात येऊन उभी राहिली आणि स्वतःच्या आईकडे टक लावून बघत राहिली. गुरुजींनी उघडलेलं तोंड मिटलं.

मी पुढे झालो, चष्मा नीट बसवला आणि दुकानदाराला म्हणालो, "उठा. ती माझी खुर्ची आहे."